सर्पगंधा: बाबांचं बीपी आणि एका मुळीची चारशे वर्षं

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या भांडणापासून.

गेल्या पावसाळ्यात मी गावी कोकणात गेलो होतो. सहज म्हणून बाबांचं बीपी मोजलं. मशीनवर आकडा आला १८० वर ११०. माझेच हातपाय गार पडले. विचारल्यावर कळलं, तीन आठवडे गोळ्या बंद! जत्रेत एका माणसाने कसलीशी मुळीची पूड दिली होती, ‘सर्पगंधा आहे, बीपी मुळापासून जाईल’ म्हणून. मी भडकलो. “अहो बाबा, झाडपाल्याने कुठे बीपी उतरतं का?” बाबा शांतपणे म्हणाले, “तू इंजिनिअर ना? मग शोधून सांग.”

शोधलं. आणि खरं सांगू, माझं वाक्य चुकीचं निघालं.

सर्पगंधा हे गुडघा-मांडीएवढं छोटं झुडूप. जंगलात, दमट सावलीत वाढतं. पांढरी-गुलाबी फुलं, लाल देठ, पिकल्यावर काळी होणारी फळं. औषध असतं ते मुळीत, आणि ती चवीला कडूजहर. आपल्याकडे साप चावला, झोप उडाली, डोकं फिरलं, की ही मुळी द्यायचे. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ म्हणूनच विकत.

आता चला १५६३ सालच्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज डॉक्टर, जो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करायचा, त्याने हिंदुस्थानी औषधांवर पुस्तक छापलं. त्यात सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळ्यांची माहिती आहे. नागाशी झुंजणारं मुंगूस ही वनस्पती खातं, ही गोष्टसुद्धा आहे! त्यातली एक मुळी सर्पगंधाच असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे १७०३ मध्ये प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळाला ‘राऊवोल्फिया’ नाव दिलं, लिओनहार्ट राऊवोल्फ या जर्मन डॉक्टरच्या आठवणीत. गंमत म्हणजे हा राऊवोल्फ बगदादपर्यंत पोचला, भारतात कधी आलाच नाही. क्रेडिट कोणाला मिळेल सांगता येत नाही!

खरी चक्रं फिरली १९३१ मध्ये. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडाच्या झटक्यांवर आणि वाढलेल्या रक्तदाबावर काम करते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतून काही द्रव्यं वेगळी केली. एकाला नाव दिलं अजमलीन, हकीम अजमल खान यांच्यावरून. हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ आजार ओळखायला डॉक्टर ते आजही वापरतात.

आणि मग आपली मुंबई. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये तो अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष इकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळं केलं. काही वर्षांतच ते बीपीवरचं गाजलेलं औषध झालं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. शाळेत आपल्याला हे नाव कुणी सांगितलं का? मला तरी नाही.

मग बाबा बरोबर होते? थांबा.

आपल्या नसांच्या टोकाला संदेश देणाऱ्या रसायनांच्या बारीक पिशव्या असतात. रिसर्पिन त्या भरूच देत नाही. म्हणजे बफरच रिकामा! त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. पण मेंदूतल्या पिशव्याही रिकाम्या होतात. म्हणून काही रुग्णांना सुस्ती आली, काहींना नैराश्याने घेरलं. पुढे जास्त सुरक्षित गोळ्या आल्या आणि रिसर्पिन मागे पडलं. दुसरं म्हणजे प्रत्येक मुळीत द्रव्य सारखं नसतं. जत्रेतल्या चमचाभर पुडीत किती आहे, आणि ती सर्पगंधा तरी आहे का, हे कोण सांगणार? आणि सापाचं म्हणाल, तर साप चावल्यावर थेट दवाखाना. तिथे प्रतिविषच लागतं, मुळी नाही.

आणखी एक. मुळी हवी तर अख्खं झाड उपटावं लागतं. जगभरच्या मागणीने जंगलं इतकी ओरबाडली गेली की १९९० मध्ये सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आणावा लागला.

हे सगळं मी बाबांना ओटीवर बसून सांगितलं. आधी माझी चूक कबूल केली. मग म्हटलं, “मुळीत ताकद आहे बाबा, पण वकिलांनी माणसं मोजून, आकडे लिहून ती दाखवली. तुमच्या पुडीवर साधं नावसुद्धा नाही.”

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “गोळ्यांचा डबा कपाटात वरच्या फळीवर आहे. काढ.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. आता रोज सकाळी बाबा मला मशीनचा फोटो पाठवतात. काल होतं १३४ वर ८४.

तुमच्या घरातही कुणी पुडीवाले असतील, तर त्यांच्यावर हसू नका. आणि त्यांच्या गोळ्याही बंद पडू देऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!