घराची झडती आणि घराचे दार



गावात साथ आली म्हणजे तिला अडवणाऱ्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात. रोगी कोठे आहे, आणि त्याच्यापासून रोग दुसऱ्याकडे कसा जातो. पहिली गोष्ट लोकांनी सांगायची असते, दुसरी शास्त्राने. १८९७ साली पुण्यात प्लेगशी गाठ पडली तेव्हा सरकारपाशी या दोहोंपैकी एकही नव्हती. होती ती केवळ सत्ता. नुसत्या सत्तेने साथ का हटत नाही, याचा इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा ताप प्रथम ओळखला. थोड्याच महिन्यांत साथ पुण्यास पोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँडसाहेबाची नेमणूक झाली. मार्च ते मे गोरे सोजीर घरोघर झडती घेत होते. रोग्याला इस्पितळात न्यायचे, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, सामान जाळायचे, भिंतींना चुना फासायचा, असा क्रम होता. रोग्याला वेगळे ठेवावे, हा विचार मुळात चुकीचा नव्हता. परंतु सोजीर देवघरात आणि माजघरात शिरले, बायकांची तपासणी परक्या पुरुषांच्या हाती गेली, आणि लोकांना रोगापेक्षा उपायाचीच धास्ती वाटू लागली. इस्पितळात माणसांची मोमियाई काढतात, अशी अफवा मुंबईत आधीच पसरली होती. मग व्हायचे तेच झाले. लोकांनी रोगी लपवले. ज्याचा शोध घ्यायचा, तोच झडतीमुळे अधिक खोल दडला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ही हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यात, रोग्याला घरातून उचलून दवाखान्यात नेणारे दुसरेही कोणी होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी तेथे पोचवीत. त्यातच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. काम तेच, रोग्याला वेगळे नेण्याचे. पण एकीकडे दार मोडून माणूस नेला जात होता, आणि दुसरीकडे घरची माणसे आपण होऊन तो हाती सोपवीत होती.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे शास्त्राकडे वळू. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे १८९७ साली सिद्ध झालेले नव्हते. कोणी घाणीला दोष देई, कोणी हवेला, कोणी स्पर्शाला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एका काचेच्या बरणीत प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्याच्याजवळ, पण स्पर्श होणार नाही अशा जाळीच्या पिंजऱ्यात, निरोगी उंदीर ठेवला. काही दिवसांत तोही प्लेगने मेला. मधले अंतर पिसवांनी ओलांडले होते! सिमाँचे म्हणणे बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते पक्के ठरले. म्हणजे सोजीर माणसे शोधीत होते, आणि रोगाचे मूळ छपरात व जमिनीतल्या बिळांत नांदत होते.

यात ध्यानात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. उंदीर पडू लागले, की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, हा शहाणपणा आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना अनुभवाने आला होता. कारण त्यांना सांगता येत नव्हते, पण उपाय बरोबर होता. उंदरापासून आणि पिसवांपासून दूर जाणे, हेच त्यांनी साधले होते. लोकांना विचारले असते, तर सरकारला काही शिकता आले असते. वाल्डेमार हाफकिन यांना मात्र विश्वासाचे महत्त्व कळले होते. मुंबईत तयार केलेली प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

पाऊणशे वर्षांनी पुन्हा घराघरांचा शोध सुरू झाला, तो देवीच्या रोगाचा. १९७३ पासून आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन दारोदार हिंडले. ‘असा रोगी कोठे पाहिलात का?’ एवढाच त्यांचा प्रश्न असे. बातमी देणाराला बक्षीस होते, आणि शेवटी ते एक हजार रुपयांपर्यंत गेले. या मोहिमेतही काही ठिकाणी बळजबरीने लस टोचली गेली, हे लपवण्याचे कारण नाही. पण मोहिमेचा मुख्य आधार बातमी हा होता, आणि ती लोक देत होते. मे १९७५ मध्ये देशातील देवीचा शेवटचा रोगी सापडला. झडतीचे काम तेच. पण १८९७ साली घराने रोगी लपवला, आणि या वेळी त्याने तो दाखवला.

१८९७ चा कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा हाती घेतला गेला. कायदा वाईट आहे असे मी म्हणत नाही. साथीत कधी सक्तीही करावी लागते. परंतु पहिला रोगी कोठे आहे, हे कोणत्याही कायद्याला आपोआप कळत नाही. ते त्याची आई सांगते, शेजारी सांगतो. त्यांनी सांगावे असे वाटत असेल, तर साथ नसते तेव्हाच त्यांच्याशी बोलणे ठेवले पाहिजे. गावचा दवाखाना वर्षभर उघडा असेल, तेथे माणसाला माणसासारखे वागवले जात असेल, तर साथीच्या दिवशी त्या घराचे दार आतून उघडेल.