रोमन चौकोन आणि पानिपतचा गोल

मोऱ्याच्या बंदरातून समोर घारापुरी दिसते. त्या बेटावर रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. रोमचा माल असा आमच्या दारापर्यंत आला. सैन्य मात्र कधी आले नाही. ते आता संगणकावरच्या युद्धखेळांतून घराघरांत शिरले आहे. २००४ साली निघालेल्या ‘रोम : टोटल वॉर’मध्ये एक कळ दाबली की पायदळ ढाली जोडून ‘कासव’ करते आणि वरून येणारे बाण बोथट ठरतात. याच मालिकेतल्या २००९च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांच्या बाजूनेही खेळता येते. हे खेळ खेळणारी आमच्याकडची मुले मला विचारतात, “पानिपतावर भाऊंनी असाच व्यूह का नाही धरला?” प्रश्न पोरकट नाही. उत्तर मात्र व्यूहाच्या आकारात सापडत नाही.

आधी रोमकडे पाहू. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने रोमन लीजनची रचना तपशिलाने लिहून ठेवली आहे. पायदळाच्या मुख्य रांगा तीन. पुढे १२०० तरुण, त्यांच्यामागे १२०० कसलेले जवान आणि शेवटी ६०० जुने शिपाई. रांगांतल्या तुकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवत, म्हणजे थकलेल्यांना मागे येता येई. खेळांनी हे सारे उचलले आहे. पण तोच पॉलिबियस शिपायाचा रोजमुरा सांगतो आणि पहाऱ्यावर झोपलेल्याला साथीदारांच्याच हातून मरेपर्यंत मार कसा बसे, तेही सांगतो. कवायत, पगार आणि धाक या तिन्हींवर ती रांग उभी होती. एवढे असूनही इ.स.पू. ५३ मध्ये कऱ्हे येथे क्रॅससने धरलेला पोकळ चौकोन पार्थियन घोडेस्वारांच्या बाणांपुढे टिकला नाही. उंटांवरून त्यांना बाणांचा पुरवठा होत राहिला आणि चौकोन जागच्या जागी झिजत गेला.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज छावणी सोडून निघाली ती गोल बांधून यमुनेकडे सरकण्याच्या बेताने, असे मराठी परंपरा सांगते. बायकामुले, यात्रेकरू, बुणगे मध्ये, भोवती फौज, डाव्या अंगाला इब्राहिमखान गारदी याचे कवायती पायदळ आणि तोफा. गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. तेवढ्यात विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडदळ जागा सोडून पुढे धावले. आपलेच स्वार आड आल्याने गारद्यांच्या तोफा बंद पडल्या आणि गोल फुटला.

दोष विंचूरकर-गायकवाडांवर टाकून आपण मोकळे होतो. पण या स्वारांना उभे राहायला शिकवले होते कोणी? त्यांची सारी विद्या गनिमी काव्याची: धावायचे, झोडपायचे, निसटायचे. सरदार आपापल्या सरंजामावर पथके पोसणारे. त्यात अडीच महिन्यांच्या कोंडीने माणसे आणि घोडी उपाशी. अशा फौजेला गोलात थांबवून धरणे म्हणजे तिच्या हाडीमासी नसलेली गोष्ट एका सकाळीत मागणे होते.

याचा पडताळा एकोणतीस वर्षांनी मिळतो. पानिपतावर पायाला जखम घेऊन परतलेल्या महादजी शिंद्यांनी पुढे द बॉयन या फिरंग्याकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या. सप्टेंबर १७९० मध्ये मेडता येथे राठोडांशी लढताना त्याचा एक युरोपीय अधिकारी हुकमावाचून पुढे घुसला. चूक विंचूरकरांचीच! राठोडांनी त्याला मागे रेटले आणि ते थेट पलटणींवर कोसळले. पण बाकीच्या पलटणींनी पोकळ चौकोन धरला, चारी बाजूंनी मारा केला आणि राठोडांची लाट फुटली. या शिपायांची वर्षानुवर्षे कवायत झाली होती आणि त्यांचा पगार वेळेवर पोचेल याकडे द बॉयनचे जातीने लक्ष असे. पुढे त्या खर्चासाठी महादजींनी दुआबातला मुलूखच लावून दिला.

खेळात कळ दाबली की शिपाई हलतो, कारण त्याला भूक नाही, थकलेली बाकी नाही आणि स्वतःचा सरदारही नाही. मुलांनी हे खेळ जरूर खेळावेत. व्यूहाची नजर त्यातून येते. मात्र पानिपताचा हिशेब मांडताना आपण मोठ्यांनी तरी एका सरदाराच्या उतावळेपणावर थांबू नये. गोल त्या दुपारी फुटला खरा, पण तो टिकावा यासाठी जे आधी करायला हवे होते, ते मराठी राज्याने पानिपतानंतरच केले.