भारतातील वन्यजीव संवर्धन शिक्षण आणि युवक नेतृत्व : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वन्यजीव संवर्धन हा विषय आज अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत समाविष्ट झाला आहे. तथापि या क्षेत्रात युवकांना ज्ञान, नेतृत्व आणि उपजीविका यांची संधी कशी उपलब्ध होत गेली, याचा इतिहास फारसा अभ्यासला जात नाही. प्रस्तुत निबंधात १८८३ ते २००४ या कालखंडातील काही महत्त्वाच्या टप्प्यांच्या आधारे या वाटचालीचा आढावा घेतला आहे. भारतात या क्षेत्रातील युवकांचा पुढाकार आधी आणि औपचारिक शिक्षण नंतर, असा क्रम बहुतांशी दिसतो, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

छंदाकडून अभ्यासाकडे :
बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना मुंबईत १८८३ साली आठ निसर्गप्रेमींनी केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. याच संस्थेत शाळकरी वयाचे सालिम अली एका अपरिचित चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी गेले. संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातील पक्षी दाखविले आणि त्यांच्या कुतूहलाला दिशा दिली.

मात्र आवड आणि उपजीविका यांतील अंतर मोठे होते. विद्यापीठाची पदवी नसल्याने सालिम अली यांना शासकीय प्राणिशास्त्रीय संस्थेतील पद मिळू शकले नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम मिळाले. पुढे बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन ते १९३० साली परतले, तेव्हा त्यांच्यासाठी नोकरी उरली नव्हती. त्याच बेकारीच्या काळात अलिबागजवळील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा प्रसिद्ध अभ्यास केला. पुढे मुंबई विद्यापीठाने संस्थेला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिली आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तरुणांना पक्षिशास्त्रात पदव्युत्तर संशोधन करता येऊ लागले. ज्यांना स्वतःला पदवी नव्हती, त्यांनीच इतरांसाठी पदवीचा मार्ग खुला केला, ही बाब लक्षणीय आहे.

विद्यार्थी चळवळींचा उदय :
१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांमुळे संवर्धनाला शासकीय अधिष्ठान लाभले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन व वन्यजीवांचे रक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. याच पार्श्वभूमीवर १९७९ साली दिल्लीतील शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी रिज भागातील वनाच्या नाशाविरुद्ध आवाज उठविला व त्यातून 'कल्पवृक्ष' ही संस्था उभी राहिली. १९८३ साली तिच्या सदस्यांनी अन्य विद्यार्थ्यांसमवेत नर्मदा खोऱ्यातून प्रवास करून प्रस्तावित धरणांच्या परिणामांचा अभ्यास केला. चेन्नईत १९८८ साली विद्यार्थ्यांनी सागरी कासवांच्या रक्षणासाठी जाळे उभारले. रात्री किनाऱ्यावर फिरून अंडी सुरक्षित स्थळी हलविणे हे त्याचे प्रमुख कार्य होते. या उपक्रमांतून युवकांना नोंदी ठेवणे, गट चालविणे आणि प्रशासनाशी संवाद साधणे यांचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले.

औपचारिक शिक्षण व व्यवसायसंधी :
१९८२ साली देहरादून येथे भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली आणि १९८८ पासून तेथे वन्यजीव विज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यामुळे क्षेत्रीय संशोधन हा प्रतिष्ठित व्यवसाय होऊ शकतो, ही जाणीव दृढ झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याची प्रक्रिया सुरू झाली व २००३-०४ च्या सुमारास पदवी स्तरावर सर्व शाखांसाठी समान अभ्यासक्रम लागू झाला. परंतु अनेक महाविद्यालयांत हा विषय एका परीक्षेपुरता आणि पाठ्यपुस्तकापुरता मर्यादित राहिला. क्षेत्रभेटीची तरतूद असूनही तिची अंमलबजावणी औपचारिक ठरली.

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. या विषयाचे प्रगत साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने ग्रामीण विद्यार्थी मागे पडतो. वास्तविक जंगल, पाणवठा व किनारा यांचे परंपरागत ज्ञान त्याच्याच परिसरात असते. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी मराठीतून लेखन करून व 'पक्षिकोश' सिद्ध करून हे अंतर कमी करण्याचा मोलाचा प्रयत्न केला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळास येथे ग्रामस्थांच्या सहभागाने चालविलेले कासव संवर्धनही याच दिशेचे आहे.

निष्कर्ष :
या इतिहासावरून असे दिसते की, संस्थेचे खुले दार, अनुभवी मार्गदर्शक आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे युवक नेतृत्व घडले. केवळ अभ्यासक्रम अनिवार्य केल्याने ते घडले नाही. महाविद्यालयांनी निसर्ग मंडळांना श्रेयांकाशी जोडणे, स्थानिक जैवविविधतेच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून मराठीत करवून घेणे आणि वनविभाग व संशोधन संस्थांशी नियमित संपर्क ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा किहीमच्या त्या बेकार तरुणासारखी गुणवत्ता असूनही अनेक विद्यार्थी मिलार्ड यांच्यासारख्या मार्गदर्शकाच्या अभावी या क्षेत्राबाहेरच राहतील.