मिलोची लाल भाकरी

आज बोलायचंय भाकरीवर. बीड जिल्ह्यात जेवण झालं का विचारायचं तर 'भाकरी खाल्ली का' असंच विचारतात, ताटात पोळी असली तरी.

माझ्या आजीला बहात्तर साल म्हटलं की आधी आठवायची ती मिलो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली पेवं रिकामी पडली. लोक खडी फोडायला गेले, तिथे सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. आजी म्हणायची, "पोट भरायचं रे, पण भाकरी गळ्याखाली उतरत नव्हती." उपाशी माणसाची नावड हा इतिहासात न येणारा विषय. पण मला वाटतं, पांढऱ्याशुभ्र गव्हाकडे बघण्याची नजर तिथेच बदलली. गहू म्हणजे सुकाळ, सणाचं धान्य. ज्वारी म्हणजे गरिबी.

त्याआधीच १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली होती. उतारा भरपूर, ताट मात्र बुटकं, म्हणजे कडबा कमी. शेतकरी ज्वारी फक्त भाकरीसाठी पेरत नाही, बैलासाठीही पेरतो. म्हणून रब्बीत आजही मालदांडीच चालते. पुढे बैल कमी झाले, खरिपात कापूस आणि सोयाबीन आलं. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे रब्बीची ज्वारी काढायची फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा गावातले कितीतरी कोयते कारखान्यांच्या फडात असतात. काढणीला हात आणायचे कुठून?

आता जरा पिठाकडे. ज्वारीचं पीठ आपण सालासकट, अंकुरासकट दळतो. तंतू, लोह, ब गटातली जीवनसत्त्वं बरीचशी तिथेच असतात. अंकुरात तेल असतं म्हणून पीठ फार टिकत नाही, जुनं झालं की कडवट लागतं, विरी जाते, भाकरी थापताना तुटते. म्हणून आजी आठवड्यापुरतंच दळून आणायची. मैदा महिनोन्‌महिने टिकतो, कारण ते सगळं काढून टाकलेलं असतं. तरी गव्हाला शिव्या देऊ नका हं. चक्कीवर दळून, न चाळता केलेली चपातीही अख्ख्या धान्याचीच. कोंडा गमावलेला खरा गडी म्हणजे पॉलिश केलेला तांदूळ.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोनं द्यायची तरतूद होती. आमच्या गल्लीतल्या दुकानात मी वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच पाहिले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं आली.

मागच्या महिन्यात बाजारात ज्वारीचा भाव विचारला, गव्हापेक्षा जास्त. शेजारी उभी असलेली बाई पिशवी उघडता उघडता थांबली आणि म्हणाली, "जाऊ द्या, गहूच द्या."