आपत्तीच्या काळातील औषधपाणी : आधी करून ठेवायची तयारी

मोठी साथ किंवा दुर्घटना आली की हॉस्पिटलातल्या खाटा, डॉक्टर आणि नर्सेस आधी अत्यवस्थ रोग्यांसाठी लागतात. ब्लडप्रेशर, डायबिटीस अशी आपली रोजची दुखणी तेव्हा मागे पडतात. नर्सिंगमध्ये माझी हयात गेली. आता मी सिंगापूरला ईस्ट कोस्टला राहते. इथली उदाहरणे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना कुठेही उपयोगी पडतील.

२००३ साली इथे सार्सची साथ आली. २३८ जणांना लागण झाली, त्यातले ३३ दगावले. टॅन टॉक सेंग हॉस्पिटल सार्ससाठी राखून ठेवले, सरकारी हॉस्पिटलांत नातेवाइकांच्या भेटी बंद झाल्या. मुलगा-सून बाहेर आणि म्हातारे माणूस आत एकटे! अशा वेळी नर्स विचारते, कोणत्या गोळ्या घेता? "सकाळी एक पांढरी" एवढ्याने भागत नाही.

२१ जून २०१३ ला सुमात्रातल्या वणव्यांचा धूर इतका दाटला की हवेच्या प्रदूषणाचा आकडा ४०१ वर गेला. दमेकऱ्यांना घराबाहेर पडणे धोक्याचे झाले. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा चांगीजवळच्या सिंगापूर एक्स्पोच्या हॉलमध्ये रोग्यांसाठी खाटा मांडल्या होत्या.

म्हणून एवढे करून ठेवा :

१. औषधांची नावे, डोस, वेळा, अ‍ॅलर्जी, जुनी ऑपरेशने आणि मुलांचे फोन नंबर एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर.

२. डॉक्टरांना विचारून दोन आठवड्यांची औषधे जादा ठेवा. जुनी आधी वापरा, तारीख बघा.

३. एका पिशवीत टॉर्च, सेल, मास्क, शिट्टी, थर्मामीटर, जादा चष्मा, कानाच्या मशीनचे सेल आणि ओळखपत्राची प्रत ठेवा.

४. इन्सुलिन घेत असाल तर वीज गेल्यावर ते कसे ठेवायचे, हे आजच विचारा. बर्फाला चिकटवून ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

५. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा : सिंगापूरला ९९५, महाराष्ट्रात १०८, इस्राएलमध्ये १०१. शब्बाथ असला तरी जीव वाचवण्यासाठी फोन करायला हरकत नाही.

शेवटचे काम सगळ्यांनी मिळून करायचे आहे. आपल्यापैकी एकटे कोण राहते, त्याची यादी करा. प्रत्येकाला रोज फोन करणारा एक माणूस ठरवा. दोनदा फोन उचलला नाही तर दार कोण ठोठावणार आणि किल्ली कोणाकडे, हेही आत्ताच ठरवून ठेवा.