वॉर्साचा अभियंता आणि औंधची राज्यघटना

जानेवारी १९३९. सातारा आणि आसपासच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या ७२ गावांच्या औंध संस्थानात एक विलक्षण राज्यघटना लागू झाली. राजाने आपले अधिकार आपण होऊन प्रजेच्या हाती दिले. राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे प्रसारक आणि स्वतः चित्रकार. मार्गदर्शन होते गांधीजींचे. परंतु मसुद्यासाठी झटणाऱ्यांत भगव्या वस्त्रांतील एक पोलिश ज्यू गृहस्थही होते. त्यांचे शिक्षण ना कायद्याचे, ना राज्यशास्त्राचे. ते अभियंता होते.

मॉरिस फ्रिडमन यांचा जन्म १९०१ साली वॉर्सा येथे झाला. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. वॉर्सा रशियन साम्राज्यात होते. १९३० नंतरच्या दशकात म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

येथे थोडे थांबायला हवे. स्थलांतरित अभियंत्याची नेहमीची कथा वेगळी असते. नव्या देशात पदवीला मान्यता मिळत नाही, मग मिळेल ते काम पत्करावे लागते. कॅनडात गेलेल्या कित्येक भारतीय अभियंत्यांनी ते भोगले आहे. फ्रिडमन यांच्या पदवीला मात्र येथे पूर्ण किंमत मिळाली होती. खुर्ची होती, पगार होता. त्यांनी ती वाट स्वतः सोडली, संन्यास घेतला आणि ते ‘स्वामी भारतानंद’ झाले.

मग अभियांत्रिकी सुटली का? बहुतेक लेखांत तसेच सुचवलेले असते. पुरावा वेगळे सांगतो.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी कठीण होत्या. किंमत १५० रुपयांहून अधिक नको, यंत्र २० वर्षे टिकावे, खेड्यातील स्त्रीला ते आठ तास चालवता यावे आणि तेवढ्या वेळात १६ हजार वार सूत निघावे. किर्लोस्करवाडी ही औंध संस्थानातीलच. तेथे तयार झालेले यंत्रही परीक्षेला गेले, पण अटींना उतरले नाही. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

गांधीजींच्या आश्रमात राहू लागलेल्या फ्रिडमन यांनी हा प्रश्न उलट्या टोकाने धरला. चरखा अधिक गुंतागुंतीचा करण्याऐवजी त्यांनी चाकच काढून टाकले. त्यांच्या ‘धनुष टकळी’त उजव्या हातातील धनुष्याची पट्टी टकळीवर घासत नेली की टकळी गरगर फिरते आणि डावा हात पेळूतून धागा ओढतो. लाकूड थोडे, खर्च नगण्य, आणि दुरुस्ती घरच्या घरी. बोटांनी फिरवायच्या साध्या टकळीपेक्षा तिचा वेगही अधिक. गांधीजींनी १९४० च्या सुमारास तिची जाहीर शिफारस केली. विजेच्या कारखान्याचा प्रमुख जिथे वीजच नाही अशा घरासाठी यंत्र घडवत होता. याला अभियांत्रिकीचा त्याग म्हणणे कठीण आहे. धनुष टकळी फार काळ टिकली नाही, हेही खरे. पुढे सरकारी पाठबळ मिळाले ते अंबर चरख्याला.

औंधशी त्यांचा दुवा म्हणजे राजपुत्र आप्पासाहेब पंत, ऑक्सफर्डला शिकलेले आणि पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झालेले. औंधच्या घटनेचा पाया गाव होता. गावाने पंच निवडायचे, त्यावर तालुक्याची सभा आणि सर्वांत वर संस्थानचे विधिमंडळ. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळातली. तिच्या कल्पनेतही फ्रिडमन यांचा वाटा सांगितला जातो. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत.

एक सावधगिरी मात्र हवी. फ्रिडमन यांच्या औंधमधील कामाविषयी जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग आप्पासाहेबांच्या अनेक वर्षांनंतरच्या आठवणींवर उभा आहे. मित्राने मित्राविषयी लिहिलेले ते लेखन आहे. त्यामुळे घटनेचे श्रेय एकट्या फ्रिडमन यांना देणे जितके चूक, तितकेच त्यांचे नाव गाळून गांधीजी आणि राजा एवढ्यावर थांबणेही चूक.

त्यांच्या मायदेशात याच वर्षांत काय घडत होते, ते सर्वज्ञात आहे. १९४३ पासून शेजारच्या कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी वसली. युद्धानंतर ते लोक पांगले. फ्रिडमन भारतातच राहिले. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो प्रयोग संपला. १९५९ नंतर ते तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या कामात होते.

अखेरची वर्षे मुंबईत गेली. खेतवाडीच्या एका गल्लीत, विडीचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडे ते जात. तेथील मराठी संवाद टेपवर ध्वनिमुद्रित होत आणि फ्रिडमन त्यांचे इंग्रजी भाषांतर करत. ‘आय ॲम दॅट’ हे त्यातून झालेले पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले. ९ मार्च १९७६ रोजी फ्रिडमन यांचे निधन झाले. जगभर खपलेल्या त्या पुस्तकावर त्यांचे नाव आहे, अनुवादक म्हणून.