मिलोची भाकरी आणि पुण्याची लस



भोर-वेल्ह्यातल्या आपल्या बचत गटांच्या बैठकीत बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला, की थोरल्या बायका मिलोचं नाव काढतातच. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी. चवीला नावं ठेवत का होईना, तिच्यावर घरं जगली.

परदेशी धान्याची ही गोष्ट त्याच्याही आधी सुरू झाली. १९५६ साली भारताने अमेरिकेशी करार केला. पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली त्यांच्याकडचा शिलकी गहू आपल्याला रुपयांत मिळू लागला. आपले डॉलर वाचले, त्यांच्या शेतकऱ्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळालं.

पुढे १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. एकट्या १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने व्हिएतनामवरच्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यांना विरोध केला. अध्यक्ष जॉन्सन यांना ते रुचलं नाही. शिवाय भारताने शेतीकडे जास्त लक्ष द्यावं, असाही त्यांचा आग्रह होता. गहू ते हात आखडता घेऊन, थोडा थोडा सोडू लागले. बंदरात जहाज लागलं, तरच रेशनवर गहू! त्या गव्हाने जीव वाचवले हे खरंच, पण मिंधेपणही आलं. म्हणून तर देशाने सुधारित बियाणं, खत आणि पाणी यांवर जोर दिला.

आता आपल्या जिल्ह्यातलीच दुसरी बाजू बघू. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशिल्ड लस भारताने भूतान आणि मालदीवला भेट पाठवली. शेजाऱ्यांशी नातं घट्ट करायचं, हाही त्यात हेतू होता. पण एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली, लस बाहेर पाठवणं जवळपास थांबलं. तेव्हा ऑक्सिजनची यंत्रं परदेशातून आपल्याकडे आली. आणि ज्यांची भिस्त आपल्या लसीवर होती, ते देश खोळंबले.

म्हणजे देणारा आपली सोय बघूनच देतो. आपणही त्याला अपवाद नाही. तेव्हा गटाला कुणी मदत देऊ केली, तर घ्यायला लाजू नये. पण आधी दोन गोष्टी विचाराव्यात: बदल्यात काय हवंय? आणि उद्या हे बंद झालं, तर आपलं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच बचतीच्या वहीत असायला हवं.